वर्गाबाहेरची शाळा : फार्मव्हिलच्या विद्यार्थ्यांचा इतिहास

शाळेच्या वार्षिक समारंभात शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे नाव पुकारले गेले की टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि तो व्हावा हे योग्यच आहे. त्यानंतर वक्तृत्व, नाट्य, गायन, हस्तलिखित, विद्यार्थी मंडळ अशा कामांची बक्षिसे येतात. तोवर पाहुण्यांच्या परतीच्या गाडीची वेळ झालेली असते आणि ती बक्षिसे भराभर उरकली जातात. पुष्कळ पालकांच्या मनातही ह्या दुसऱ्या प्रकारच्या यशाविषयी थोडी अढीच असते. एवढा वेळ अभ्यासाला दिला असता तर चार गुण वाढले असते, असे त्यांना वाटते. मुलगी असेल तर अढी अधिकच पक्की होते. तालमीसाठी शाळा सुटल्यावर थांबायचे, स्पर्धेसाठी परगावी जायचे, हे सगळे कशासाठी, असा प्रश्न घरोघर विचारला जातो.

ह्या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देण्यापेक्षा इतिहासाने दिलेले बरे. म्हणून आज अमेरिकेतील एका लहानशा गावातील हायस्कूलची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे. ह्या शाळेतील मुलामुलींनी १९५१ साली जे केले त्याचे पडसाद त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. त्यांचे बहुतेक बळ पाठ्यपुस्तकातून आलेले नव्हते. ते शाळेच्या गायनवृंदात, नाट्यमंडळात आणि विद्यार्थी मंडळात कमावलेले होते.

एकशेऐंशी मुलांची शाळा

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा मुलूख. फार्मव्हिल हे तिचे मुख्य गाव. भोवताली तंबाखूची शेती, आणि वस्ती गोऱ्या व कृष्णवर्णीय अशा दोन्ही लोकांची. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. परंतु दक्षिणेकडील राज्यांत दोन्ही समाजांच्या मुलांनी एका शाळेत बसू नये असे कायदे होते. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यांसंबंधीच्या एका खटल्यात असा निकाल दिला होता की, सोयी समान असतील तर त्या वेगळ्या असण्यास हरकत नाही. 'वेगळे पण समान' हे तत्त्व त्यातूनच पुढे रूढ झाले. प्रत्यक्षात वेगळेपणा कसोशीने पाळला गेला आणि समानता कागदावरच राहिली.

फार्मव्हिलमध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी रॉबर्ट रसा मोटन ह्या नामवंत शिक्षणतज्ज्ञाच्या नावाने एक हायस्कूल होते. त्याची विटांची इमारत १९३९ साली बांधली गेली, ती १८० विद्यार्थ्यांच्या हिशेबाने. पुढे दहा-बारा वर्षांत विद्यार्थिसंख्या साडेचारशेच्या वर गेली. त्यावर शिक्षण मंडळाने उपाय काढला तो असा, की शाळेच्या आवारात लाकडी चौकटींवर डांबरी कागद ठोकून तात्पुरत्या खोल्या उभ्या केल्या. दुरून पाहणाऱ्याला ती कोंबड्यांची खुराडी वाटत. पाऊस आला की छप्पर गळे, आणि काही मुले वर्गात छत्री उघडून बसत. थंडीत ऊब मिळावी म्हणून एकेक लोखंडी शेगडी ठेवलेली असे. शेगडीजवळच्या मुलांना चटके बसत आणि दूर बसलेली मुले अंगात कोट घालून कुडकुडत. सभागृहात एकाच वेळी दोन-तीन वर्ग चालत. एक वर्ग तर काही काळ मोटारबसमध्ये भरत असे. व्यायामशाळा नाही, भोजनगृह नाही, प्रयोगशाळेची साधने नाहीत. त्याच गावातील गोऱ्या मुलांच्या हायस्कूलमध्ये मात्र ह्या सोयी होत्या.

वडीलधाऱ्यांचे अर्ज

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. मुलांनी आवाज उठविला तो वडील मंडळी झोपली होती म्हणून नव्हे. शाळेच्या पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष होते पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन, आणि मुख्याध्यापक होते बॉइड जोन्स. ह्या दोघांनी पालकांना बरोबर घेऊन शिक्षण मंडळाकडे पुन्हा पुन्हा खेटे घातले. दर वेळी आश्वासन मिळे. जागेचा शोध चालू आहे, पैशाची तजवीज व्हायची आहे, अशी उत्तरे ऐकून ते परत येत. अखेर त्यांना सांगण्यात आले की, आता दर बैठकीस येण्याचे कारण नाही, काही घडले की कळवू. ज्यांनी आपल्या संस्थेच्या इमारतीसाठी, अनुदानासाठी किंवा तुकडीच्या मंजुरीसाठी कधी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या असतील, त्यांना ह्या उत्तराचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

बार्बरा जॉन्स

ह्या शाळेत बार्बरा रोज जॉन्स नावाची मुलगी शिकत होती. तिचा जन्म ६ मार्च १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. पण वाढली ती प्रिन्स एडवर्ड कौंटीतील आपल्या नातेवाइकांच्या शेतावर. वडील शेती करीत. आई वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरीत असे. त्यामुळे थोरली मुलगी म्हणून धाकट्या भावंडांना तयार करणे, स्वयंपाक करणे, शेताच्या कामात हात लावणे हे सगळे बार्बराकडे असे. तिचे चुलते व्हर्नन जॉन्स हे विद्वान आणि निर्भीड पाद्री म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या ग्रंथसंग्रहातली पुस्तके ती वाची. स्वभावाने मात्र ती अबोल होती. ही मुलगी पुढे काही करील असे तिच्या सख्ख्या बहिणीलाही वाटले नव्हते.

बार्बरा शाळेच्या गायनवृंदात होती, नाट्यमंडळात होती, विद्यार्थी मंडळाच्या कामातही होती. ह्या निमित्ताने तिला बाहेरगावच्या शाळा पाहावयास मिळाल्या. आपल्यासारख्याच कृष्णवर्णीय मुलांच्या इतर काही शाळा आपल्या शाळेपेक्षा कितीतरी चांगल्या आहेत, हे तिने डोळ्यांनी पाहिले. जे मूल कधी घराबाहेर पडले नाही त्याला आपल्या शाळेचे गळके छप्पर हा निसर्गाचा नियम वाटतो. चार ठिकाणी गेलेले मूल मात्र तुलना करू लागते.

एके दिवशी तिने आपल्या संगीत शिक्षिकेजवळ शाळेच्या अवस्थेविषयी गाऱ्हाणे मांडले. बाईंनी उलट विचारले, मग तूच का काही करीत नाहीस? बार्बराला प्रथम वाईट वाटले. बाईंनी आपले म्हणणे उडवून लावले, असे तिला वाटले. पण तो प्रश्न मनातून जाईना. पुढे एका सकाळी भावंडांना बसमध्ये बसवून ती विसरलेला डबा आणायला घरी परतली आणि बस चुकली. रस्त्यावर वाहनाची वाट पाहत ती उभी असताना गोऱ्या मुलांच्या शाळेची बस समोरून गेली. तीत अर्ध्या जागा रिकाम्या होत्या. ती बस तिच्यासाठी थांबणे शक्यच नव्हते. आता काही तरी केलेच पाहिजे, हा निश्चय त्या दिवशी झाल्याचे तिने पुढे लिहून ठेवले आहे.

सहा महिन्यांची तयारी

१९५० च्या हिवाळ्यापूर्वी बार्बराने काही निवडक मुलांना शाळेच्या क्रीडांगणावर बोलाविले. त्यांत विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष कॅरी स्टोक्स होती, तिचा भाऊ जॉन स्टोक्स होता. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. ज्यांच्यावर इतर मुलांचा विश्वास आहे, ज्यांनी काही ना काही काम निभावून दाखविले आहे आणि ज्यांच्या तोंडून गुपित फुटणार नाही, अशीच मुले तिने घेतली. हळूहळू सुमारे वीस जणांची समिती तयार झाली. हिवाळा गेला, वडील मंडळींचे प्रयत्न कोठवर येतात हे मुलांनी पाहिले. जमिनीचा तुकडासुद्धा नक्की झाला नाही. मग त्यांनी वसंतातला दिवस धरला. वीस मुलांनी कित्येक महिने एक बेत पोटात ठेवला आणि तो ना घरी कळला ना शाळेत, हे मोठ्या माणसांच्या संस्थांनाही क्वचितच साधते.

सोमवार, २३ एप्रिल १९५१. सकाळी अकराच्या सुमारास मुख्याध्यापकांना दूरध्वनी आला की, बसस्थानकावर शाळेची दोन मुले पोलिसांच्या तावडीत सापडली आहेत. मुख्याध्यापक लगबगीने निघून गेले. तोच प्रत्येक वर्गात चिठ्ठी पोहोचली की सर्वांनी सभागृहात जमावे. मुख्याध्यापकांच्या चिठ्ठ्यांवर 'जे' ह्या अक्षराची सही असे, तशीच ह्या चिठ्ठ्यांवर होती. साडेचारशे विद्यार्थी शिक्षकांसह सभागृहात जमले. रंगमंचाचा पडदा उघडला, आणि तेथे मुख्याध्यापकांऐवजी सोळा वर्षांची बार्बरा आणि तिची समिती उभी होती.

तिने प्रथम शिक्षकांना सभागृहाबाहेर जाण्याची विनंती केली. काहींनी विरोध केला तेव्हा पायातला बूट काढून तिने बाकावर आपटला आणि ती सभा विद्यार्थ्यांची आहे हे स्पष्ट केले. हा उद्धटपणा होता असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु शिक्षक तेथे राहिले असते तर त्यांच्यावर चिथावणीचा आरोप येऊन नोकऱ्या गेल्या असत्या, हेही तितकेच खरे. शिक्षक गेल्यावर तिने मुलांपुढे शाळेची स्थिती मांडली आणि नवी इमारत मिळेपर्यंत वर्गात न बसण्याचे आवाहन केले. शिक्षा होईल, तुरुंगात टाकतील, ह्या भीतीला तिचे उत्तर साधे होते. फार्मव्हिलचा तुरुंग एवढ्या सगळ्यांना पुरेल इतका मोठा नाही! मुले उठली, आधीच रंगवून ठेवलेले फलक घेऊन आवारात आली. दगड उचलला गेला नाही, काच फुटली नाही.

मुख्याध्यापक परत आले. त्यांनी संप मागे घेण्याविषयी परोपरीने सांगितले. मुलांनी आदराने ऐकून घेतले, आणि नकारही आदरानेच दिला.

मुख्याध्यापकांना खोटा निरोप देणे आणि त्यांच्या सहीची नक्कल करणे योग्य होते काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी येथे थांबून स्वतःला विचारावा. खोटे ते खोटेच. पण हेही ध्यानात घ्यावे की, त्यातून मुलांना काही मिळवायचे नव्हते. मुख्याध्यापकांना ह्या प्रकरणापासून दूर ठेवणे हाही त्यामागील हेतू होता. तो सफळ झाला नाही. त्या वर्षीच मुख्याध्यापकांची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. चांगल्या हेतूने केलेल्या लबाडीची किंमत कधीकधी तिसऱ्यालाच द्यावी लागते, हाही ह्या इतिहासाचा एक भाग आहे.

पत्र, वकील आणि पालक

त्याच दिवशी बार्बरा आणि कॅरी ह्या दोघींनी रिचमंड शहरातील वकिलांना पत्र लिहिले. स्पॉट्सवुड रॉबिन्सन आणि ऑलिव्हर हिल हे ते वकील. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे ते काम पाहत. पत्र छोटे होते. आपल्याला तसदी देत आहोत याची जाणीव ठेवून, परिस्थितीच अशी आहे की मदत मागितल्यावाचून गत्यंतर नाही, अशा आशयाचे ते होते. दोघा वकिलांना दुसऱ्याच एका कामासाठी पुढे जायचे होते. वाटेत फार्मव्हिलला थांबून मुलांना समजावून शाळेत परत पाठवावे, असा त्यांचा विचार होता. २५ एप्रिलला पाद्री ग्रिफिन यांच्या चर्चच्या तळघरात भेट झाली. मुलांची शिस्त, त्यांच्या बोलण्यातला नेमकेपणा आणि निर्धार पाहून समजवायला आलेले वकीलच विचारात पडले.

मग वकिलांनी दोन अटी घातल्या. पहिली अशी की, आता 'वेगळी पण चांगली शाळा' मागणारा दावा आम्ही लढविणार नाही. लढवायचे तर वेगळेपणाच मोडण्यासाठी लढवू. दुसरी अशी की, पालकांची संमती पाहिजे. मुलांनी मागितली होती फक्त नवी इमारत. मागणी एकदम कितीतरी मोठी झाली. मुलांनी पहिली अट मान्य केली, आणि दुसरीसाठी ती घरोघर गेली.

पालकांपुढचा पेच लहान नव्हता. कोणी गोऱ्या मालकाच्या शेतावर कामाला, कोणाचे कर्ज गोऱ्यांच्या बँकेत, कोणाची उधारी गोऱ्यांच्या दुकानात. मुलाच्या सहीने शिक्षा होईल ती शाळेत. बापाच्या सहीने चूल बंद पडेल. तरी ३ मे रोजी चर्चमध्ये मोठी सभा झाली. एका माजी मुख्याध्यापकांनी उठून ह्या मार्गाला विरोध केला. त्यांना उत्तर द्यायला बार्बरा उभी राहिली. सभेचा कौल मुलांच्या बाजूने पडला. ७ मे रोजी, दोन आठवड्यांनी, मुले शिस्तीने वर्गात परतली. २३ मे १९५१ रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने न्यायालयात दावा दाखल झाला. यादीत पहिले नाव नववीतल्या चौदा वर्षांच्या डोरोथी डेव्हिस हिचे होते, म्हणून तो दावा 'डेव्हिस विरुद्ध प्रिन्स एडवर्ड कौंटी शिक्षण मंडळ' ह्या नावाने ओळखला जातो.

निकाल

१९५२ च्या मार्चमध्ये तीन न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. शाळांच्या सोयी सुधारा, पण मुलांना वेगळे ठेवणे बेकायदा नाही, असा तो होता. दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथे कॅन्सस, दक्षिण कॅरोलायना, डेलावेअर आणि राजधानीचे शहर वॉशिंग्टन येथील अशाच दाव्यांबरोबर त्याची सुनावणी झाली. १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरेन यांनी एकमताचा निकाल वाचून दाखविला. सरकारी शाळांत वर्णावरून मुलांना वेगळे ठेवणे राज्यघटनेविरुद्ध आहे, असे न्यायालयाने ठरविले. हाच तो 'ब्राऊन' खटल्याचा इतिहासप्रसिद्ध निकाल. त्या पाच दाव्यांपैकी विद्यार्थ्यांच्या चळवळीतून जन्मलेला दावा एकच होता, आणि तो फार्मव्हिलचा.

बार्बरा तेव्हा गावात नव्हती. संपानंतर शाळेच्या आवारात क्रूस जाळण्यात आला होता. कृष्णवर्णीयांना धमकी देण्याची ती दक्षिणेकडील जुनी रीत. आईवडिलांनी मुलीच्या जिवाला जपून तिला शेवटच्या वर्षाच्या शिक्षणासाठी मॉंटगोमेरी शहरात चुलत्याकडे पाठविले. हे चुलते तेथील डेक्स्टर अव्हेन्यू चर्चचे पाद्री होते. त्यांच्यानंतर १९५४ मध्ये त्या जागी जो तरुण पाद्री आला त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. पुढे १९५९ साली हेच डॉ. किंग भारतात आले आणि मुंबईच्या मणिभवनात, गांधीजींच्या वास्तव्याने पावन झालेल्या त्या घरात, राहून गेले.

बंद पडलेली पाच वर्षे

गोष्ट येथेच संपविली तर ऐकायला गोड वाटेल. पण ती अपुरी राहील. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये अंमलबजावणीचा दुसरा हुकूम दिला, त्यात मुदत घातली नव्हती. व्हर्जिनियातील सत्ताधाऱ्यांनी ह्या फटीचा पुरेपूर उपयोग केला. प्रिन्स एडवर्ड कौंटीत चालढकल १९५९ पर्यंत चालली. त्या वर्षी, सप्टेंबरपासून मुलांना एकत्र बसवा, असा न्यायालयाचा स्पष्ट हुकूम आला. तेव्हा कौंटीच्या कारभाऱ्यांनी सरकारी शाळांना पैसाच मंजूर केला नाही. सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लागले. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा उघडण्यात आली. सुमारे सतराशे कृष्णवर्णीय मुले रस्त्यावर आली. काही गरीब गोऱ्या मुलांचेही शिक्षण सुटले.

हे कुलूप १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे राहिले. काही आईबापांनी मुलांना परगावी नातेवाइकांकडे पाठविले. काही मुले परोपकारी संस्थांच्या मदतीने दूरच्या राज्यांत अनोळखी कुटुंबांत राहून शिकली. पाद्री ग्रिफिन यांनी चर्चच्या तळघरांतून लहानांसाठी शिकवण्या चालविल्या. पण कित्येक मुले तंबाखूच्या शेतात कामाला लागली आणि पुन्हा शाळेत आलीच नाहीत. सहा वर्षांचे मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत त्याने अक्षरही गिरवले नाही, अशी घरे तेथे होती. १९५१ च्या संपात ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, ज्यांपैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यांनी ही किंमत मोजली.

१९६३ च्या उन्हाळ्यात फार्मव्हिलच्या रस्त्यांवर पुन्हा तरुण मुले निदर्शनांना उतरली. त्याच सप्टेंबरात देणग्यांच्या पैशावर आणि केंद्र सरकारच्या पाठिंब्याने विनामूल्य शाळा सुरू झाल्या. २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा बंद ठेवणे घटनाबाह्य ठरविले, आणि त्या वर्षी सरकारी शाळांची दारे उघडली. ह्या खटल्याला नाव लागले ते ग्रिफिन कुटुंबाचे. ज्या पाद्रीने १९५१ मध्ये मुलांना चर्चचे दार उघडून दिले, त्याने तेरा वर्षे त्यांची पाठ सोडली नव्हती.

बार्बराचे पुढे काय झाले

बार्बराने विवाह केला, पाच मुलांचा संसार केला आणि फिलाडेल्फियाच्या शाळांत ग्रंथपाल म्हणून काम केले. अर्धवट राहिलेले उच्च शिक्षण पुरे करून १९७९ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिने पदवी घेतली. १९९१ मध्ये ती वारली. हयातीत तिच्या नावाचा फारसा गाजावाजा झाला नाही. मोटन हायस्कूलची जुनी इमारत १९९८ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली, आणि पुढे तेथे संग्रहालय उभे राहिले. शाळा बंद राहिल्यामुळे ज्यांचे शिक्षण तुटले, त्यांच्यासाठी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने २००४ साली शिष्यवृत्ती योजना केली. पन्नाशी-साठीतली माणसे पुन्हा अभ्यासाला बसली. अमेरिकेच्या संसदभवनात प्रत्येक राज्यातर्फे दोन पुतळे असतात. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या राज्यांचा सेनापती रॉबर्ट ली याचा व्हर्जिनियाने दिलेला पुतळा डिसेंबर २०२० मध्ये तेथून हलविण्यात आला, आणि त्याच्या जागी बार्बरा जॉन्सचा पुतळा द्यावा असे ठरले.

आपण काय घ्यावे

विद्यार्थीमित्रांनो, ही हकीकत संप कसा करावा हे शिकविण्यासाठी सांगितलेली नाही. तेथील वडीलधाऱ्यांनी अर्जविनंत्यांची सर्व दारे ठोठावली होती आणि ती एकेक करून बंद झाली होती, हे विसरू नका. घ्यायचे आहे ते त्या मुलांचे गुण. पडदा उघडल्यावर साडेचारशे चेहऱ्यांपुढे अबोल मुलीची जीभ अडखळली नाही, कारण गायनाने आणि नाटकाने तिला रंगमंच परिचयाचा झाला होता. कॅरीच्या शब्दाला वजन होते, कारण मुलांनी तिला निवडून दिले होते. वकिलांना लिहिलेले पत्र मुद्देसूद आणि नम्र होते, कारण दोघींना आपले म्हणणे मांडण्याची सवय होती. आणि मुलांनी पालकांची संमती मिळविली ती भांडून नव्हे, घरोघर जाऊन, समजावून. ह्यांपैकी एकाही गोष्टीला गुणपत्रिकेत रकाना नाही.

पालकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्यासाठी ह्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, मुलांना अशा कामांची संधी द्या, आणि ती मुलींनाही द्या. फार्मव्हिलच्या ह्या इतिहासातली तीन ठळक नावे पाहा: बार्बरा, कॅरी आणि डोरोथी. तिघीही मुली. बार्बराच्या घरी स्वयंपाक, भावंडे, शेत हे सारे होते. तरी गायनवृंदाबरोबर परगावी जाण्यापासून तिला कोणी अडविले नाही. तिला अडविले असते तर तिने दुसऱ्या शाळा पाहिल्याच नसत्या. विद्यार्थी मंडळाला केवळ संमेलनाच्या दिवशी बिल्ले लावून मिरविण्याचे काम देऊ नका. त्याला सभेचा वृत्तान्त लिहू द्या, लहानसा जमाखर्च सांभाळू द्या, ग्रंथालयाची एखादी जबाबदारी द्या. त्यात मुले चुकतील. हिशेबात चार रुपये इकडचे तिकडे होतील. ते चार रुपये शिक्षणाचाच खर्च समजावेत.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मुलांनी योग्य प्रश्न विचारला की त्याचे ओझे शेवटी मोठ्यांच्या खांद्यावर येते. दाव्याच्या कागदावर पालकांना सह्या कराव्या लागल्या. नोकरी गेली ती मुख्याध्यापकांची. बंद शाळांच्या काळात तळघरात शिकवण्या चालविल्या त्या प्रौढांनी. मुलांच्या नेतृत्वाचे कौतुक करणे सोपे आहे, त्यासाठी एक ढाल आणि एक हार पुरतो. त्या नेतृत्वाने पुढे केलेल्या कामात भागीदार होणे, हे खरे कौतुक. फार्मव्हिलच्या पालकांना आपल्या मुलांनी काय सुरू केले आहे याचा पूर्ण अंदाज ३ मे १९५१ च्या रात्री नव्हता, असणे शक्यही नव्हते. तरी त्यांनी चर्चमधून बाहेर पडताना मुलांची साथ सोडली नाही, आणि पुढे तेरा वर्षे सोडली नाही.

आपल्या शाळांतूनही अशी मुले आहेत. कोणी भित्तिपत्रक काढते, कोणी धाकट्यांचा अभ्यास घेते, कोणी पाण्याच्या टाकीविषयी अर्ज लिहिते. पुढच्या वेळी असा अर्ज हाती आला की आधी तो पूर्ण वाचावा. मग त्या मुलाला समोर बसवून विचारावे की, ह्यासाठी आम्ही काय करावे असे तुला वाटते?